घराला लागतं तेवढं

जगात कुणालाही कुठलीही गोष्ट आत्ता आहे त्यापेक्षा जास्त लागत नाही, यावर आमच्या घरमालकांइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. काही माणसं काटकसरी असतात, काही चिकट असतात, काहींना साधेपणाची हौस असते. आमचे घरमालक यांतल्या कशातच बसत नव्हते. पैशाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते 'जास्त' या शब्दाशी. आम्ही नवा पंखा लावला तेव्हा ते जिना चढून वर आले, हात पाठीमागे बांधून पंख्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तीनवर कशाला? एकवर वारा येत नाय का?" माझ्या बायकोनं खिडकीतल्या तुळशीशेजारी मोगरा लावला, तर त्यांनी एक फूल हुंगून पाहिलं, छान आहे म्हणून मान डोलावली आणि उरलेल्या कळ्यांकडे बोट करून विचारलं, "आन् ह्या बाकीच्या? काय करायचंय एवढं?" हा प्रश्न ते टोमणा म्हणून विचारत नसत. मान तिरकी करून, भुवया वर करून ते खरोखर उत्तराची वाट बघत थांबायचे. त्यातच सगळी पंचाईत होती, कारण उत्तर कुणालाच देता यायचं नाही. रोज सकाळी ऑफिसला निघताना मला वाटायचं, आज काहीतरी चोख सांगू. आणि संध्याकाळी मी पंखा एकवर लावून बसलेला असायचो.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला मामी. मामा पाचोडच्या बाजूचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. तरुणपणी शहरात आले आणि पाणीपुरवठ्याच्या कामावर लागले ते निवृत्त होईपर्यंत. त्यांचं काम पाणी सोडायचं. खांद्याएवढी लोखंडी चावी सायकलला बांधून ते गल्लोगल्ली हिंडायचे, रस्त्यातल्या खड्ड्यात उतरून व्हॉल्व्ह फिरवायचे, आणि कुठल्या गल्लीला किती वेळ पाणी मिळायचं ते तिथं ठरायचं. लोखंडी पाइपाला कान लावून पाणी कुठवर पोचलं ते सांगू शकायचे, असं ते स्वतः सांगत, आणि त्यांच्या वेळची माणसंही ते खरं असल्याचं सांगत. दुष्काळाच्या वर्षांत बायका त्यांच्या सायकलीपुढे हंडे आडवे घालायच्या. शिव्या खात, विनवण्या ऐकत, एका गल्लीचं तोंड गोड करताना दुसरीचं कडू करत त्यांनी उभा जन्म काढला होता, आणि त्यातून एवढंच शिकले होते, की माणसाला लागतं किती आणि तो मागतो किती यांत फार अंतर असतं. खड्ड्यात उतरून, पाण्याच्या घोंघाटावर मात करत वरच्या माणसाशी बोलायची सवय जडल्यामुळे त्यांचा आवाज मात्र अफाट होता. 'चहा झाला का' हे ते मामींना स्वयंपाकघरात विचारायचे आणि समोरच्या घरातल्या बाई आपला चहा गाळायला घ्यायच्या. मामी सगळ्याला एकच उत्तर द्यायच्या, "व्हय." मामांना तेवढं पुरायचं.

उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला, एका बोळात, त्यांचं तीन मजल्यांचं घर होतं. खाली चष्म्यांचं दुकान असलेले एक भाई आणि त्यांचं कुटुंब, मधे मामा-मामी, वर आम्ही दोघं. ती वर्षं मोठी विचित्र होती. पावसाळे कोरडे जात होते, नळाला आठवड्यातनं एकदा पाणी सुटायचं, उन्हाळ्यात तेही लांबायचं. आणि त्याच वर्षांत शहर चारी बाजूंनी असं सुटलं होतं, की काल जिथं बाभळी होत्या तिथं आज 'बुकिंग सुरू' म्हणून पाटी दिसायची. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचो. सात-सात मजल्यांच्या इमारतींच्या नकाशात मी प्रत्येक फ्लॅटला तीन नळ दाखवायचो आणि घरी येऊन ड्रमातल्या पाण्याचे तांबे मोजायचो. एकदा मामांनी माझ्या खांद्यावरनं एक नकाशा बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "घरं लई झ्याक काढलीस. पाणी कुठनं काढणार?" मी म्हणालो, ते माझं काम नाही. "व्हय," ते म्हणाले, "समदे असंच म्हणतेत." घरात पाणी आलं की मात्र त्यांच्यासारखा माणूस नव्हता. घड्याळ लावून खालच्या मजल्याला, मग आम्हाला, आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वतःला. कितीतरी वेळा त्यांची पाळी येईतो नळ फुसफुसायला लागायचा. तेव्हा ते हंडा हलवून बघायचे आणि म्हणायचे, "भागंल."

अशा घरात इंटरनेट आलं. मामांना एकुलती एक मुलगी. ती नर्स होऊन आयर्लंडला गेली, तिकडंच जावईही नोकरीला लागला. मुलीनं फार धोशा लावला, म्हणून मामांनी घरात कनेक्शन घेतलं, आणि कंपनीकडे जो सगळ्यात लहान प्लॅन होता तो घेतला. त्याहून लहान प्लॅन आहे का, हेही त्यांनी विचारलं होतं. मग भाईंनी आणि मी, आम्हालाही त्यातच जोडून घ्या म्हटल्यावर ते लगेच कबूल झाले. त्यांच्या मते एक लाईन तीन घरांना रग्गड होती. इंटरनेटचा डबा त्यांनी स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटात, दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवला, आणि जिन्यात एक कागद डकवला. त्यावर वाटणी होती. सकाळी खालचा मजला, दुपारी डब्याला विश्रांती, कारण तो गरम होतो. संध्याकाळी वरचा मजला. आणि सगळ्यात खाली, लाल शाईनं: 'रविवारी चार ते पाच फक्त आयर्लंड.'

त्या लाईनीनं आम्हाला जो छळ सोसायला लावला, तो आठवला तरी अजून थकवा येतो. माझा एक नकाशा ऑफिसला पोचायला लागायचा तेवढ्या वेळात माझी बायको पोळ्या लाटून, भाजून, डबा भरून मोकळी व्हायची. भाईंच्या मुलीला कॉलेजचा फॉर्म भरायचा होता तेव्हा तिचा फोटो तीन दिवस चढत होता; पहिल्या दिवशी कपाळ चढलं, दुसऱ्या दिवशी नाकापर्यंत गाडी आली. भाई जिन्यात मामांना म्हणाले, "मामा, तुमारा नेट इतना धीमा है, की मैं दुकान को मेसेज भेजूं उससे पहले मैंच दुकान को पोच जाऊं." मामांना हे तक्रारीसारखं वाटलंच नाही. त्यांनी खूश होऊन विचारलं, "मग चालत जायला काय झालं? तब्येतीला बरं असतंय." पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं, की आपण चिडतो, मामा मात्र त्याच्याकडे कौतुकानं बघायचे. "एवढ्यात चहा ठेवावा," ते म्हणायचे. "फिरून फिरून थांबतंयच की." एकदा आम्ही दोघं एक सिनेमा बघत होतो, आणि तो तुकड्या-तुकड्यानं चालला होता. मामा येऊन शेजारी बसले, पाऊण तास नुसते बसले, आणि उठताना म्हणाले, "हळूहळू बघितल्यानं गोष्ट बदलती का? नाय ना."

मग बोळात इंटरनेटच्या नव्या वायरी आल्या. रस्ता खणायला सुरुवात झाली तेव्हा गल्लीतल्या बायका पाण्याची मोठी लाईन आली असं समजून बघायला गेल्या. त्या खड्ड्यात करंगळीएवढी काळी वायर होती. बायका परत आल्या. दुसऱ्या आठवड्यात वायरवाल्या कंपनीचे एक गृहस्थ घरोघर हिंडायला लागले. पन्नाशीचे होते, वाळूजच्या एका कारखान्यात बरीच वर्षं काढल्यावर कमी केलेले, आणि आता गळ्यात ओळखपत्र अडकवून वेग विकत होते. मामांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा दिला आणि मग आपला प्रश्न काढला. एवढ्या वेगाचं घरात काय करायचं असतं? गृहस्थांनी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं: चार जण एकाच वेळी चार सिनेमे बघू शकतात, वगैरे. मामांनी शांतपणे विचारलं, "चार जण एकाच घरात चार सिनेमे का बघतील? भांडण झालंय का?" गृहस्थांनी चहाचा घोट घेतला. मामांनी पुढं विचारलं, "तुमच्या घरी कितीचं हाय?" तेव्हा कळलं, की ते बजाजनगरला एका खोलीत राहतात आणि त्यांच्या घरी असलं काहीच नाही, मोबाइलवर भागतं. "बगा," मामा म्हणाले, आणि त्यांना आणखी अर्धा कप चहा ओतला. ते गृहस्थ दोन तास बसून गेले. जाताना त्यांनी भाईंच्या दाराची कडीसुद्धा वाजवली नाही.

आता जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी चार वाजले, की मामा कपाटातला डबा एकदा हलवून बघायचे, मोबाइल एका पितळी डब्याला टेकवून उभा करायचे आणि मामींना त्याच्यासमोर बसवायचे. तिकडं सकाळ असायची, मुलगी रात्रपाळी करून आलेली असायची. मामा सुरुवातीला दोन वाक्यं गर्जायचे, "बरी हाईस का, जेवलीस का," आणि मग माय-लेकींत आपलं काय काम म्हणून गच्चीवर टाकी बघायला निघून जायचे. मामी पुढं वाकून, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत बसायच्या. आम्हाला वरून ऐकू यायचं ते फक्त त्यांचं अधूनमधून येणारं "व्हय, व्हय" आणि "बरं हाय की." त्या रविवारी क्रिकेटचा सामना होता आणि शेवटची षटकं चालू होती. जिन्यातला कागद मला तोंडपाठ होता. पण मी मनाशी म्हटलं, दहा मिनिटांनी काय होतंय, आणि सामना लावला. चित्र चांगलं येत होतं. इतकं चांगलं आमच्याकडे कधीच येत नसे. मी खुर्ची ओढून बसलो. खालून मामींचा आवाज आला, "बरं झालं बाई." थोडं थांबून पुन्हा आला, "लई चांगलं झालं." मला वाटलं, मुलीला रजा मिळाली असेल, किंवा बढती. मलाही बरं वाटलं. आम्ही सामना जिंकलो.

त्यानंतर रविवारचा फोन बंद झाला. आधी मुलीचा संदेश आला, डबल ड्यूटी आहे. पुढच्या रविवारी पुन्हा तोच. मामा प्रत्येक रविवारी चार वाजता मोबाइल पितळी डब्याला टेकवून ठेवायचे आणि पाच वाजता उचलायचे. मामी तोवर तिथंच बसून असायच्या. मी एकदा विचारलं, तर मामा म्हणाले, "कामात असंल. दर रविवारी एवढं काय बोलायचं असतंय?" पण त्या वेळी त्यांची मान तिरकी नव्हती आणि त्यांना उत्तरही नको होतं.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बारा दिवसांनी पाणी सुटलं होतं, मी माझी पाळी झाली म्हणून पाइप परत द्यायला मामांच्या दारात उभा होतो. मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, आमच्याकडे पाठ करून, सुपात बाजरी निवडत बसल्या होत्या. जावयाचा फोन आला. मामा फोन नेहमी मोठ्या आवाजावरच ठेवायचे, त्यामुळे इच्छा नसताना मीही ऐकला.

"मामा, एक विचारू का? रागावू नका," जावई म्हणाला. "बरेच दिवस विचारू का नको करतोय."

"विचार की."

"त्या रविवारी तिनं आईंना सांगितलं, बाळ गेलं म्हणून. पाचवा महिना होता. आधी कुणाला सांगितलं नव्हतं, आईंनाच पहिल्यांदा सांगायचं होतं तिला. तर आई हसल्या, मामा. बरं झालं म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या."

जावई दोनदा "हॅलो" म्हणाला आणि मग फोन कापला गेला की त्यानं ठेवला, कोण जाणे. मामा वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते मामींच्या मागं जाऊन उभे राहिले, आणि त्या अफाट आवाजाच्या माणसाला आवाजच फुटेना. अगदी हळू, मी तुमच्याशी बोलतोय तसं, त्यांनी विचारलं, "काय म्हणलीस तू पोरीला?"

मामींनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

"म्या काय विचारतोय?"

सूप हलत राहिलं. मामांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा मामींच्या पाठीकडे बघितलं. मग चार माणसांत ज्या नावानं त्यांनी मामींना कधी हाक मारली नव्हती, ते नाव त्यांनी उच्चारलं. "गया," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले. त्यांच्यात हातभराचं अंतर होतं. पाइपाला कान लावून गल्लीच्या टोकाचं पाणी ओळखणारा तो माणूस आपल्या बायकोच्या पाठीमागं उभा राहून तिसऱ्यांदा तिचं नाव घेत होता, आणि मामी बाजरी निवडत होत्या.

शेवटी ते समोर जाऊन उकिडवे बसले. मामींनी वर बघितलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्यांना काहीतरी कळून चुकलं असावं.

"किती दिस झाले?" मामांनी विचारलं.

"चार वरसं झाली असतील," मामी म्हणाल्या. "आधी एक कान गेला, मग दुसरा. तुमचं कळतंय मला. तुमचं तोंड मोठं हालतंय. पोरीचं कळायचं आधी, ती घरी असताना. मोबाईलात तिचं तोंड हालतच नाय. थांबतंय. मग एकदम हालतंय अन् पुन्ना थांबतंय. मी आपली व्हय व्हय म्हणते. ती हसल्यासारखी दिसली का बरं झालं म्हणते."

"आन् मला का नाय सांगितलं?"

मामींच्या आवाजात राग नव्हता, साधं सांगितल्यासारखं त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाले असते, एवढं ऐकून काय करायचंय."

बाळाचं त्यांना मामांनी कसं सांगितलं, ते मला माहीत नाही. मी पाइप तिथंच ठेवून वर आलो. थोड्या वेळानं खालून मामींचं रडणं ऐकू आलं. आपला आवाज किती मोठा आहे हे ज्याला कळत नाही, त्या माणसाचं रडणं होतं ते. भाई दुकान उघडायला निघाले होते, ते परत घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कबूल करायला खाली गेलो. त्या रविवारी मी सामना लावला होता, हे सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मामा जाळीच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले होते आणि त्या डब्याच्या मिणमिणत्या दिव्याकडे बघत होते. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "लाईनीचा काय दोष नाय. म्याच बारकी घेतली." मी तिथं उभा राहिलो. सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. मी म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका, मामा," आणि परत आलो. त्या दिवसानंतर मी त्या घरात आणखी तीन वर्षं राहिलो आणि न सांगितलेलं ते सामन्याचं वाक्य रोज जिभेवर घेऊन जिना चढलो-उतरलो.

मामांनी वायरवाल्या त्या गृहस्थांना निरोप धाडला. ते आले तेव्हा ओळखपत्राची दोरी बदललेली होती, केस आणखी पांढरे झाले होते. मामा म्हणाले, "तुमच्याकडं सगळ्यात मोठं जे हाय ते द्या." गृहस्थ चकित झाले. मामांच्याच घरी बसून ऐकलेलं त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं होतं. ते म्हणाले, "मामा, घरात माणसं दोन. दोन माणसांना एवढं कशाला? मधलं घ्या, रग्गड होईल." मामा त्यांना म्हणाले, "लागतं." एवढंच. काय लागतं, कशाला लागतं, काही सांगितलं नाही. आयुष्यभर जो प्रश्न त्यांनी सगळ्या जगाला विचारला, त्याला त्यांनी स्वतः दिलेलं उत्तर मी ऐकलं ते हेच, आणि त्यात समजावून सांगण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं.

नवी लाईन आली. जिन्यातला कागद मामांनी स्वतः काढला. चित्र असं स्वच्छ दिसायला लागलं, की परदेशातल्या कुठल्याही बाईच्या पापण्या मोजाव्यात. माझे नकाशे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोचायला लागले, आणि भाईंच्या घरात खरोखरच एका वेळी चार गोष्टी चालायला लागल्या. सगळ्यांची सोय झाली. मुलगी मात्र व्हिडिओ कॉल उचलत नव्हती. मामांनी तिला सगळं सांगितलं होतं. आईच्या कानांचं, थांबणाऱ्या चित्राचं. तिला ते पटलंही होतं. जावई म्हणाला, तिला सगळं कळतं, फक्त आईचा तो हसरा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून जात नाही. थोडा वेळ जाऊ द्या. मामींना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मशीन बसवलं. मामींनी ते तीन दिवस वापरलं आणि काढून ठेवलं. पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. डॉक्टरांनीही फार आशा दाखवली नाही. दोन-तीन वर्षं आधी आला असता तर, असं काहीतरी ते म्हणाले. असं काहीतरी ऐकायची मामांना आता सवय झाली होती.

दिवाळीच्या सुमाराला मुलीचे संदेश यायला लागले. व्हिडिओ नाही, बोलून पाठवलेले. मामींना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि हे तर ऐकायचे होते. ते मामांच्या मोबाइलवर, मामांसाठी यायचे. रविवारी, दुपारी केव्हातरी.

मी त्यातला एकच ऐकला, तोही जिन्यातून. आम्ही ते घर सोडायच्या आदल्या आठवड्यात. बीडच्या रस्त्याला, मीच नकाशा काढलेल्या इमारतीत आम्ही फ्लॅट घेतला होता, आणि मी खोके बांधायला दोरी आणायला निघालो होतो. मामांचं दार उघडं होतं. मामींना मोबाइलच्या ऐवजी आता मामांच्या समोर बसवलेलं होतं, खिडकीतलं ऊन मामांच्या तोंडावर पडेल अशा बेतानं. मोबाइलमधून मुलीचा आवाज आला. थकलेला, सपाट आवाज होता; वडिलांना ती दादा म्हणायची. "दादा, आम्ही बरे आहोत. ड्यूटी चालू आहे. इकडं थंडी पडली. तब्येतीला जपा." तेवढाच होता संदेश. मामांनी तो पुन्हा एकदा लावून ऐकला.

मग त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला आणि बोलायला लागले. आवाज काढत नव्हते, फक्त तोंड हलवत होते, आणि मधेच विसरून एखादा शब्द मोठ्यानं सुटायचा, म्हणून मला कळत होतं. एकेक शब्द ते ओठांवर धरून ठेवायचे, मामींच्या डोळ्यांत तो उतरला असं दिसेपर्यंत, आणि मग पुढचा घ्यायचे. थंडी लई पडलीय म्हणती. बर्फ पडतोय. तू धाडलेली शाल अंगावर घेऊन बसलीय. कढी केली व्हती, तुझ्यासारखी जमली नाय. मामी एकटक त्यांच्या ओठांकडे बघत होत्या आणि हळूहळू मान हलवत होत्या.

"माझं काय म्हणली?" त्यांनी विचारलं.

"तुझंच तर इचारती," मामा म्हणाले. "माय काय करती, माय जेवती का नीट."

मामींनी डोळ्याला पदर लावला, आणि लगेच काढला, पुढचं चुकू नये म्हणून.

"झालं?" त्यांनी विचारलं.

मामांनी मोबाइल उचलला. त्यात ऐकण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तरी त्यांनी तो कानाला लावला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि खाली ठेवून मामींच्या आणखी जवळ सरकून बसत म्हणाले, "नाय. अजून हाय."